टोकियो दुसऱ्यांदा, या खेपेला पायी

पहिल्या खेपेला टोकियोत जे करायचं असतं ते तुमचं करून झालंय, असं धरून चालतो. शिबुयाच्या चौकात गर्दीबरोबर रस्ता ओलांडलात, आसाकुसाच्या लाल कंदिलाखाली फोटो काढलात, स्कायट्रीवर जाऊन आलात, एक दिवस फुजीला दिलात आणि ढगांनी तो दिसू दिला नाही. त्यात काही बिघडलं नाही. पण ते टोकियो तुम्ही रेल्वेच्या क्रमाने पाहिलंत. एका ठिकाणी जमिनीत शिरायचं, दुसरीकडे वर यायचं, मधलं शहर कुठे गेलं ते कळायचंच नाही. नकाशावर दोन गाड्या बदलून गाठायच्या दिसणाऱ्या दोन जागा प्रत्यक्षात वीस मिनिटांच्या चालीवर असतात, हे तेव्हा कोणी सांगत नाही.

दुसरी वारी या मधल्या शहरासाठी ठेवावी. त्यासाठी यादीत आणखी दहा प्रेक्षणीय स्थळं घालायची गरज नाही. कुठून निघायचं, कशाच्या आधाराने चालायचं आणि कुठे थांबायचं एवढं ठरलं की पुरे.

आधी जमीन ओळखा

टोकियो सपाट आहे असा गाडीतून समज होतो. तसं अजिबात नाही. पश्चिमेकडून आलेलं पठार इथे संपतं आणि पूर्वेला सुमिदा नदीच्या काठची सखल जमीन सुरू होते. पठाराला जुन्या ओढ्यांनी जागोजागी चिरलंय. एदोच्या काळात (एदो हे टोकियोचं जुनं नाव) उंचावर सरदारांचे वाडे आणि देवळं होती, तर खाली कारागीर, कोळी, व्यापारी राहत. उंच भागाला यामानोते म्हणतात, सखल भागाला शितामाची. ओढे बहुतेक झाकले गेले, पण त्यांच्यावरचे रस्ते अजूनही पाण्याच्या वळणांनी जातात. चालणाऱ्याने लक्षात ठेवायची गोष्ट हीच: चौकटीत आखलेल्या रस्त्यांमधून एखादी गल्ली उगाचच वळणं घेत जात असेल, तर तिच्याखाली बहुधा पाणी आहे. अशी गल्ली धरून चालत राहा. चढ लागत नाही, गाड्या कमी असतात आणि दोन्ही बाजूंना घरांच्या मागच्या बाजू दिसतात. तिथे कपडे वाळत असतात, कुंड्या असतात, सायकली असतात.

याचा सराव शिबुयातच करावा, कारण ते तुमच्या ओळखीचं आहे. गिन्झा लाइन ही भुयारी रेल्वे, पण शिबुयाला ती चक्क तिसऱ्या मजल्यावर येऊन थांबते. गाडी वर चढलेली नसते, जमीनच खाली गेलेली असते. तुम्ही दरीच्या तळाशी उभे आहात. एका बाजूला दोगेन्झाका, दुसऱ्या बाजूला मियामासुझाका, दोन्हीकडे चढ. दरी आहे तर नदी कुठाय? स्टेशनच्या दक्षिणेला 'शिबुया स्ट्रीम' ही २०१८ सालची इमारत आहे, तिच्या शेजारी काँक्रीटच्या खोल पन्हळीतून शिबुया नदी वाहताना दिसते. उत्तरेला तीच नदी १९६४च्या ऑलिंपिकआधी झाकली गेली, आणि तिच्या पाठीवरची वाट म्हणजे हाराजुकूकडे जाणारी 'कॅट स्ट्रीट'. पहिल्या वारीत तुम्ही तिथे कपड्यांच्या दुकानांत शिरला असाल. या खेपेला पायाखाली पाहत चला. ओमोतेसान्दोचा रुंद रस्ता जिथे ती ओलांडते, तिथे जुन्या पुलाचे दगडी खांब अजून उभे आहेत. पूल आहे, नदी नाही. शिबुया स्टेशनजवळच्या मियाशिता पार्कपासून इथपर्यंत रमतगमत अर्धा तास लागेल.

पोहोचल्याच्या दिवशी हीच वाट घ्यावी. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. तिथल्या सकाळी सातला तुमचं शरीर साडेतीन वाजलेत असंच समजत असतं. पहिले दोन दिवस पहाटेचे बेत आखून घरच्यांशी भांडण ओढवून घेऊ नका. दुपारी निघा, संध्याकाळी परत या.

मुक्काम आणि दिवसाचं माप

शिंजुकू-शिबुयातला मुक्काम पहिल्या वारीसाठी ठीक होता. पायी फिरायचं असेल तर यामानोते लाइन या वर्तुळाकार रेल्वेचा ईशान्येकडचा तुकडा बघा: उएनो, निप्पोरी, ओत्सुका, सुगामो. खोल्या तुलनेने स्वस्त, वस्ती राहती, आणि नारिताहून स्कायलायनर गाडी सुमारे ४० मिनिटांत निप्पोरीला आणते. या पट्ट्यात उगुइसुदानी नावाचं स्टेशन येतं. तिथे विलक्षण स्वस्त हॉटेलं दिसतील. त्यातली बरीचशी तासांच्या हिशेबाने मिळतात, तेव्हा आईवडिलांना घेऊन जाणार असाल तर आरक्षणाआधी फोटो नीट पाहा.

मागच्या वारीतलं सुइका हे रेल्वे-बसचं कार्ड ड्रॉवरमध्ये असेल तर शोधून ठेवा. शेवटच्या वापरानंतर दहा वर्षं ते चालतं, त्यावरचे पैसेही शाबूत असतात. मात्र पर्यटकांसाठीचं लाल 'वेलकम सुइका' असेल तर विसरा, ते २८ दिवसांचंच असतं. उरलेल्या नोटाही बरोबर घ्या. जुलै २०२४ मध्ये नव्या नोटा आल्या असल्या तरी जुन्या कायदेशीर आहेतच. एखादं जुनाट यंत्र नव्या नोटेला नाक मुरडतं, तेव्हा जुनीच कामी येते.

दिवसाला एकच वाट, सहा ते आठ किलोमीटर. कागदावर हे फार किरकोळ वाटतं. पण थांबत, बघत, खात चाललं की त्यातच पाच-सहा तास जातात, शिवाय स्टेशनांमधलं चालणं वेगळंच. एका स्टेशनवर सुरू करून दुसऱ्यावर संपवायचं, परत फिरायचं नाही. वाट शक्यतो उंचावरून सखलाकडे आखा. गुडघे दुवा देतील. डिसेंबरात साडेचारलाच सूर्य मावळतो, तेव्हा हिवाळ्यात दहाच्या आत निघावं. जून ते जुलैच्या मध्यापर्यंत पाऊस, त्यानंतर ऑगस्टअखेरपर्यंत असा दमट उकाडा की मुंबईकरही हात टेकेल. पायी फिरायला नोव्हेंबरचा उत्तरार्ध आणि डिसेंबरचा पहिला आठवडा मला सर्वांत पसंत: हवा कोरडी, गिंकोची झाडं पिवळीधमक. चेरीचा मोसम सुंदर असतो, पण दर त्याहून 'सुंदर' असतात.

यानाका ते शिनोबाझू: पूर्ण दिवसाची वाट

एकच वाट करायची झाली तर ही करा. १९२३चा भूकंप आणि १९४५ची बॉम्बफेक या दोन्हींत टोकियोचा बराच भाग भस्मसात झाला. यानाका मोठ्या प्रमाणावर वाचलं. १६५७च्या प्रचंड आगीनंतर शहरातली देवळं इकडे हलवली गेली, म्हणून आजही दर दहा पावलांवर एखादं देऊळ लागतं.

निप्पोरी स्टेशनच्या दक्षिण दारातून बाहेर पडा. पश्चिमेचं दार बाजाराकडे नेतं, तिकडे सगळे जातात. तिथे आपण नंतर येऊ. दक्षिण दारापासून छोटा चढ चढलात की तेन्नोजी देऊळ. अंगणात १६९० सालचा ब्राँझचा बुद्ध बसलाय. देवळासमोर सुरू होतं यानाका स्मशान. नावाने दचकू नका. मधल्या रस्त्याला दुतर्फा चेरीची झाडं आहेत, शाळेची मुलं सायकलवरून जातात, म्हातारे कुत्री फिरवतात. याच रस्त्यावर पोलीस चौकीशेजारी एका कुंपणात नुसते जोत्याचे दगड आहेत. इथे पाच मजली पॅगोडा होता. भूकंप आणि युद्ध दोन्हींतून तो वाचला, आणि १९५७मध्ये एका जोडप्याने त्यात आत्मदहन केलं तेव्हा जळून गेला. पुन्हा बांधला नाही.

स्मशानात दोन थडगी शोधा. पहिलं तोकुगावा योशिनोबूचं, म्हणजे १८६७मध्ये सत्ता सोडणाऱ्या शेवटच्या शोगुनचं, लष्करी राज्यकर्त्याचं. फाटक बंद असतं, जाळीतून बघायचं. दुसरं शिबुसावा एइइचीचं. तरुणपणी तो याच योशिनोबूच्या पदरी होता, पुढे त्याने बँका आणि कंपन्या उभ्या केल्या. त्याचा चेहरा तुमच्या खिशातच आहे, नव्या दहा हजारांच्या नोटेवर. धनी आणि चाकर एकाच स्मशानात, आणि नोटेवर मात्र चाकर.

तिथून दक्षिणेकडे गल्ल्यांमधून चला. वाटेत कान्नोनजी देवळाची माती आणि कौलं थरावर थर रचून बांधलेली जुनी भिंत लागते, तिच्या कडेकडेने जा. पुढे तीन रस्ते मिळतात तिथे एक प्रचंड झाड आहे, आणि त्याच्या बुंध्याला टेकून एक जुनं पावाचं दुकान. झाड आपल्या हिमालयातलं, देवदार. फोटो काढणारे इथे असतातच, पण झाडाच्या मागची घरं राहती आहेत. त्यामुळे दारासमोर ठाण मांडू नका.

आता उत्तरेला वळून यानाका गिन्झाकडे. हा जेमतेम पावणेदोनशे मीटरचा बाजार आहे. पूर्वेकडून आलात तर पायऱ्या उतरून त्यात शिरता, म्हणजे पठारावरून ओढ्याच्या पात्रात. इथे लोक कटलेट, भाजलेली रताळी, मांजराच्या शेपटीच्या आकाराचे डोनट घेऊन खातात. घेतल्यावर दुकानासमोरच उभं राहून खायचं आणि कागद त्याच दुकानात परत द्यायचा. चालता चालता खाणं इथे चांगलं दिसत नाही, आणि पुढे कचरापेटीही सापडणार नाही. सोमवार-मंगळवारी बरीच दुकानं बंद असतात. शिल्पकार आसाकुरा फुमिओचं घर-संग्रहालय जवळच आहे, ते सोमवारी आणि गुरुवारी बंद. म्हणून या वाटेला बुधवार किंवा शुक्रवार उत्तम.

बाजार संपतो तिथे आडवा येणारा योमिसे रस्ता झाकलेल्या आइझोमे ओढ्यावर आहे. डावीकडे वळून तो धरा. मोठा रस्ता ओलांडल्यावर तो अरुंद होतो आणि सापासारखा वळत जातो. स्थानिक त्याला सापवाटच म्हणतात. इथे घरांवरच्या पत्त्याच्या पाट्या पाहत चला. एका हाताला ताइतो वॉर्ड, यानाका, तर दुसऱ्या हाताला बुंक्यो वॉर्ड, सेन्दागी. ओढा गेला, हद्द राहिली. समोरासमोरची दोन घरं पाच पावलांवर, पण घरपट्टी दोन वेगळ्या कचेऱ्यांत. माझ्या मते अख्ख्या शहरात ओढ्याचा इतका स्वच्छ पुरावा दुसरीकडे मिळत नाही.

सापवाट संपल्यावर पश्चिमेला नेझू देवस्थान. इमारती १७०६ सालच्या. एप्रिलमध्ये टेकडीभर अझेलिया फुलते आणि गर्दी उसळते. एरवी ओळीने उभ्या लाल लाकडी कमानींच्या बोळातून निवांत जाता येतं. बोळ उंचीने बेताचा आहे, डोकं सांभाळा. तिथून सरळ दक्षिणेला पंचवीस-तीस मिनिटांत शिनोबाझू तळं. जुलै-ऑगस्टमध्ये अर्धं तळं कमळांनी भरतं, आणि मधल्या बेटावर बेन्तेनचं देऊळ आहे. बेन्तेन म्हणजे आपली सरस्वती. वीणेच्या जागी तिच्याकडे बिवा हे तंतुवाद्य असतं, त्याचा दगडी पुतळा देवळाबाहेर दिसेल. इथून उएनो स्टेशन पाच-सात मिनिटं. एकूण साधारण सहा किलोमीटर.

आसाकुसात गणपती

सेन्सोजी, म्हणजे ते लाल कंदिलाचं देऊळ, पुन्हा पाहायचं असेल तर सकाळी आठच्या आत नाहीतर रात्री. पण खरं तर तिथून ईशान्येला दहा मिनिटं चालून मात्सुचियामा शोदेनला जा. सुमिदाकाठच्या चिमुकल्या टेकडीवर हे देऊळ आहे. इथला देव कांगितेन, अर्थात जपानला पोहोचलेला गणपती. मूर्ती गुप्त असते, दर्शन कुणालाच नाही. त्यामुळे सोंड दिसेल म्हणून मान उंचावू नका. दिसतात ते मुळे. इथे देवाला पांढरा जाड मुळा वाहतात. देवळातच तो विकत मिळतो, आणि वाहिलेले मुळे प्रसाद म्हणून भाविकांना घरी न्यायला ठेवलेले असतात. पायऱ्यांवर, कंदिलांवर, दगडांवर जोडमुळे आणि पैशाची थैली कोरलेली आहे. ७ जानेवारीला मुळ्याचा उत्सव होतो. मोदक नाही याचं वाईट वाटून घेऊ नका. मुळा हॉटेलवर कसा शिजवणार हा प्रश्न मात्र स्वतः सोडवावा लागेल.

टेकडीच्या पायथ्याशी सान्याबोरी हा बुजवलेला कालवा बागेच्या पट्टीच्या रूपात उरलाय. एकेकाळी योशिवाराच्या रंगमहालांकडे जाणाऱ्या होड्या इथून जात. त्यानंतर नदीकाठाने खाली या आणि तोबू रेल्वेच्या पुलाला जोडलेल्या पादचारी मार्गाने सुमिदा ओलांडा. हा मार्ग २०२०मध्ये झाला, म्हणजे तुमच्या पहिल्या वारीत तो कदाचित नव्हताच. शेजारून गाडी जाते, समोर स्कायट्री. वर न जाताच त्याचं काम भागतं.

त्सुकिजी ते त्सुकुदा: अर्धा दिवस

घाऊक मासळी बाजार ऑक्टोबर २०१८मध्ये तोयोसूला गेला. त्सुकिजीचा बाहेरचा बाजार राहिलाय, आणि तो आता बराचसा पर्यटकांचा आहे. तिथे मी फार वेळ घालवणार नाही. शेजारचं त्सुकिजी होंगान्जी मात्र मराठी माणसाने चुकवू नये. १९२३च्या भूकंपात देऊळ गेलं. वास्तुविशारद इतो चुताने भारतासह आशियाभर प्रवास केला होता, आणि १९३४ साली पूर्ण झालेल्या नव्या देवळाला त्याने प्राचीन भारतीय बौद्ध वास्तूचं रूप दिलं. दर्शनी भागावर चैत्यकमान आहे, कार्ला-भाजे पाहिलेल्याला ती लांबूनच ओळखू येते. आतल्या जिन्यांवर कोरलेले प्राणी शोधा, मुलं रमतात. आत मोठा पाइप ऑर्गनही आहे.

देवळामागून आकाशिचोच्या शांत रस्त्यांनी नदीकडे जा आणि त्सुकुदा पूल ओलांडा. हा पूल १९६४चा, तो झाला आणि इथे नदी पार करून नेणारी होडी बंद पडली. पलीकडे त्सुकुदाजिमा. तोकुगावा शोगुनांनी ओसाकाकडून आणून वसवलेल्या कोळ्यांची ही वस्ती. उंच टॉवरांच्या पायथ्याशी छोटी लाल पूलवजा वाट, बांधलेल्या होड्या, सुमियोशीचं देऊळ आणि सोया-साखरेत आटवलेल्या मासळीची, म्हणजे त्सुकुदानीची, जुनी दुकानं. शाकाहाऱ्यांनी समुद्रशेवाळाची त्सुकुदानी मागावी, पण मुरवण्यात मासळीचा अर्क आहे का ते विचारून.

शिमोकिताझावा, जर दहा-बारा वर्षांनी जात असाल

ओदाक्यू रेल्वे इथे २०१३मध्ये जमिनीखाली गेली. वरची मोकळी झालेली रुळांची पट्टी आता हिगाशी-किताझावा ते सेतागाया-दाइता अशी १.७ किलोमीटरची चालायची वाट आहे. झाडं, छोटी दुकानं, पुस्तकं, कॉफी. २०२२मध्ये ती पूर्ण झाली. जुन्या कपड्यांची दुकानं आणि छोटी नाट्यगृहं बाजूच्या गल्ल्यांत आहेतच. दुपारी दोननंतर जा, त्याआधी निम्मं गाव झोपलेलं असतं.

पत्ता, पोट आणि पिशवी

बहुतेक रस्त्यांना नावंच नाहीत. पत्ता म्हणजे वस्ती, मग चोमे (वस्तीचा आकडा दिलेला भाग), मग ब्लॉकचा आकडा, मग घराचा. तेव्हा 'कुठल्या रस्त्यावर' असं विचारू नका, त्याला उत्तर नाही. विजेच्या खांबांवर आणि घरांच्या कोपऱ्यांवर लहान पाट्या असतात, त्यांवरचे आकडे जुळवत गेलं की ब्लॉक सापडतो. अडलात तर कोबान, म्हणजे नाक्यावरची पोलीस चौकी. वाट सांगणं हे त्यांचं रोजचं काम आहे, संकोच करू नका.

शाकाहाऱ्यांची खरी अडचण मांस नाही, तर दाशी, म्हणजे वाळवलेल्या मासळीचं पाणी. सोबा शेवयांच्या सुपात, भाजीच्या रश्श्यात, कधी अंड्याच्या वडीतही ते असतं. 'निकु तो साकाना वा ताबेमासेन' (मांस आणि मासे खात नाही) एवढं पाठ करा, आणि त्याला जोडून 'दाशी मो' म्हणा. वाटेत पावाची दुकानं, भाजकी रताळी, फळं आणि उमेबोशी (खारवलेलं आंबट फळ) घातलेला ओनिगिरी हा भाताचा गोळा यांवर दुपार निभते. दिवसाआड पोळी-भाजी हवी असेल तर तोझाई लाइनवरचं निशी-कासाई गाठा. आयटीतल्या भारतीयांची मोठी वस्ती आहे, किराणा आणि खानावळी दोन्ही आहेत. याच एदोगावा वॉर्डाच्या सभेवर २०१९ साली योगेंद्र पुराणिक निवडून आले, तेव्हा इथे मराठी कानावर पडली तर दचकायचं कारण नाही.

बूट असे घ्या की पटकन काढता-घालता येतील, कारण देवळात, जुन्या घरांत ते काढावे लागतात. मोजे फाटके नकोत. पाठपिशवीत रिकामी कचऱ्याची थैली, हात पुसायला रुमाल (बऱ्याच स्वच्छतागृहांत कागद नसतो), घडीची छत्री आणि सुट्टी नाणी. स्वच्छतागृहं स्टेशनांत, बागांत, कोम्बिनीत (कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानांत) फुकट आणि स्वच्छ. मोठी बॅग स्टेशनच्या लॉकरमध्ये टाका. उएनोचे लॉकर सकाळी उशिरा भरून जातात, निप्पोरीला नशीब जास्त बरं असतं.

गल्लीत शिरताना आवाज खाली. इथली घरं लाकडी आणि पातळ, गल्ली म्हणजे त्यांची ओसरी. चाळीत वाढलेल्याला हे वेगळं सांगायला नको. वाळत घातलेले कपडे आणि दारातली माणसं यांचे फोटो टाळा. वाट पुढे कुणाच्या अंगणात संपतेय असं वाटलं तर बहुधा तसंच असतं, मागे फिरा.

पाय दुखल्यावर

एक दिवस चालण्याला सुट्टी देऊन साकुरा ट्राममध्ये बसा. मिनोवाबाशी ते वासेदा, १२.२ किलोमीटर, एकच भाडं. ती घरांच्या परसदारांतून जाते, खिडकीतून तीच गल्ल्यांची मजा.

आणि संध्याकाळी वस्तीतलं सेन्तो, म्हणजे सार्वजनिक न्हाणीघर. दर साडेपाचशे येनच्या आसपास, बहुतेक दुपारी तीन-चारला उघडतात. बायका-पुरुषांचे भाग वेगळे, पण आत कपडे अजिबात नाहीत, हे मनाशी आधीच ठरवून जा. पहिल्या पाच मिनिटांनंतर कोणी कोणाकडे बघत नाही. बूट दारातल्या लाकडी कप्प्यात ठेवून किल्लीची फळी काढून घ्या. आधी छोट्या स्टुलावर बसून साबणाने स्वच्छ अंग धुवायचं, फेस पूर्ण काढायचा, मगच हौदात. छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, डोक्यावर ठेवायचा. पाणी आपल्या बंबाच्या पाण्यापेक्षा कडक असतं, चार-पाच मिनिटांत बाहेर या, थांबा, पुन्हा जा. बीपी असणाऱ्यांनी कोमट हौद शोधावा. बाहेर पडण्याआधी अंग कोरडं करूनच कपडे बदलायच्या खोलीत यायचं, नाहीतर तिथली लाकडी जमीन ओली होते आणि काउंटरवरच्या आजी नजरेनेच बोलतात.